आधी मधली सुट्टी बघा: ॲस्पर्जरच्या मुलांसाठी माध्यमिक शाळांचं परीक्षण

शाळा बघायला गेलं की आधी प्रयोगशाळा दाखवतात, मग ग्रंथालय, मग निकालाचा फलक. ॲस्पर्जर (ऑटिझमचाच एक प्रकार: बुद्धी आणि बोलणं ठीक, पण लोकांत वावरणं, गोंगाट आणि अचानक बदल जड जातात) असलेल्या मुलाचा दिवस बिघडतो तो भलतीकडेच: दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत, मधल्या सुट्टीत, आणि बाई रजेवर गेल्यावर मिळणाऱ्या ऑफ तासाला. म्हणून इथे शाळांचे प्रकार याच तीन ठिकाणी जोखले आहेत.

प्राथमिकमध्ये एक वर्ग, एक बाई, ठरलेला बाक. माध्यमिकमध्ये आठ-दहा शिक्षक आणि प्रत्येकाची शिस्त निराळी. एकाला समासात तारीख हवी, दुसऱ्याला वरती. गणित सहज सोडवणारं मूल ‘आज कोणती वही आणायची होती’ यावर अडतं.

आधी कागदपत्रांचं उरकू. ‘ॲस्पर्जर’ हे वेगळं निदान २०१३ साली अमेरिकेच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेतून गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही ते स्वतंत्र राहिलेलं नाही. दोन्हीकडे ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये धरलं जातं. त्यामुळे जुन्या अहवालात एक शब्द, नव्यात दुसरा, आणि शाळेच्या कार्यालयात गोंधळ. नावावर वाद घालत बसू नका. शाळेत काय लागेल याची यादी तज्ज्ञांकडून अहवालातच लिहून घ्या: परीक्षेला जादा वेळ, अक्षराचा त्रास असेल तर टाइप करायची मुभा, सूचना लेखी, गोंगाट असह्य झाला तर वर्गाबाहेर जायची परवानगी.

मोठी, नावाजलेली शाळा. विषय भरपूर, क्लब भरपूर, आणि हजार मुलांत बुद्धिबळाचं किंवा रेल्वेच्या वेळापत्रकांचं वेड असलेलं दुसरं एखादं मूल सापडण्याची शक्यता खरीच जास्त. ही बाजू पालक कमी लेखतात. एक समानधर्मी मित्र बऱ्याच गोष्टी तारून नेतो. अडचण व्हरांड्यात येते. घंटा झाली की शेकडो मुलं एकदम बाहेर पडतात, दप्तरं आपटतात, धक्के लागतात. चांगली शाळा अशा मुलाला घंटेआधी दोन-तीन मिनिटं सोडते. खर्च शून्य. एवढंही ‘नियमात बसत नाही’ म्हणणारी शाळा पुढे काहीच बसवणार नाही.

लहान शाळा. शांत, सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून पालकांची पहिली पसंती. पण एका इयत्तेची एकच तुकडी असेल आणि त्यात एखादा दांडगोबा निघाला, तर तुकडी बदलून घ्यायला जागा नाही. शिवाय सगळी समज बहुधा एकाच मुख्याध्यापकांच्या डोक्यात असते. ते बदलून गेले की घडी मोडते. त्यामुळे इथे एकच प्रश्न: मुलाच्या सवलती कुठे लिहून ठेवता? ‘आमच्या लक्षात असतं’ हे उत्तर कितीही प्रेमाने दिलं तरी पुरेसं नाही.

साधी शाळा आणि आत रिसोर्स रूम, म्हणजे जादा मदत लागणाऱ्या मुलांसाठी वेगळी खोली. कागदावर हा सगळ्यात चांगला पर्याय, आणि जिथे तो नीट चालतो तिथे आमचीही पसंती यालाच. मात्र खोली असणं आणि ती चालणं यांत फार अंतर. खोली मधल्या सुट्टीत उघडी असते का? कुलूप असेल तर सर्वांत गरजेच्या वेळीच ती बंद आहे. मूल तिथे स्वतःहून जाऊ शकतं की कुणी पाठवावं लागतं? शिक्षा म्हणून तिथे कुणाला बसवतात का? तसं असेल तर वर्गात ती ‘तसल्या मुलांची खोली’ ठरते आणि गरज असलेलं मूलही तिकडे फिरकत नाही. आणि जादा मदतीसाठी मुलाला कोणत्या तासातून उठवतात? आवडत्या विज्ञानाच्या तासातून उठवत असतील तर मदत हीच शिक्षा होते.

इथेच शॅडो टीचरचा, म्हणजे एकाच मुलासोबत वर्गात बसणाऱ्या मदतनिसाचा, विषय येतो. मोठं माणूस दिवसभर खेटून बसलं की बाकीची मुलं जवळ येत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांनंतर ही सोबत कशी कमी करत नेणार, याचा आराखडा सुरुवातीलाच मागा.

विशेष शाळा. अभ्यासात पुढे असलेल्या मुलासाठी बोर्डाची परीक्षा आणि हवे ते विषय मिळतात का, हे आधी. मिळत नसतील तर मूल कंटाळतं, आणि तेही गोंगाटाइतकंच वाईट. पण चिंतेने शाळेचं नावच नको झालेल्या मुलाला ती सावरायला जागा देते. ती कमीपणाची म्हणून बाद करू नका.

आता भेट कशी घ्यायची. दोनदा जा: एकदा मुलाला घेऊन शाळा सुटल्यावर, एकदा एकटे, भर मधल्या सुट्टीत. रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवा. आवाज घुमत राहिला तर बाईंचं बोलणं मुलाला तसंच घुमून ऐकू येणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांत शिकवताना वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज जास्तीत जास्त ३५ डेसिबल आणि आवाज विरण्याचा काळ साधारण ०.६ सेकंद असावा, असं म्हटलंय. फोनवरचं ॲप अचूक नसतं, पण एकाच फोनने दोन शाळा मोजल्या तर तुलना होते. मग स्वच्छतागृहात जा. हो, नक्की जा. वास, न लागणारी कडी आणि हात वाळवण्याच्या यंत्राचा कर्कश आवाज यांमुळे कित्येक मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि दुपारच्या डोकेदुखीचं खापर अभ्यासावर फुटतं.

मुख्याध्यापकांना ‘तुम्ही अशी मुलं घेता का’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’च येतं. विचारा: मागच्या वेळी एखाद्या मुलाचा वर्गात मेल्टडाउन झाला, म्हणजे ताण असह्य होऊन त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत कोणी काय केलं? ‘वर्गशिक्षिकेने बाकीच्यांना बाहेर नेलं, समुपदेशक आल्या, कुणी प्रश्न विचारले नाहीत’ असं तपशिलात सांगणारी शाळा उत्तीर्ण. ‘आमच्याकडे असं होत नाही’ किंवा ‘आम्ही सगळ्यांना सारखंच वागवतो’ हे ऐकलं की चहा संपवून निघावं.

भाषेचंही बघा. सर वैतागून म्हणतात, ‘गप्पाच मारायच्या असतील तर बाहेर जा.’ मूल शांतपणे उठून बाहेर जातं आणि उद्धट ठरतं. त्याने फक्त सांगितलं तसं केलेलं असतं. प्रश्नपत्रिकेत ‘थोडक्यात लिहा’ असेल तर थोडक्यात म्हणजे किती? ‘चार ओळी लिहा’ म्हटलं की प्रश्न सुटतो. शिक्षक हा बदल करायला तयार आहेत का, हे एका भेटीत कळतं.

प्रवेश पक्का झाला की एका पानाचा कागद करा: मुलाला काय खुपतं, बिनसायला लागल्याची पहिली खूण कोणती, तेव्हा काय करावं, काय अजिबात करू नये. पान एकच, कारण दुसरं कुणी वाचत नाही. त्याची प्रत ऑफ तासाला येणाऱ्या शिक्षकांच्या फाइलमध्येही हवी. घोळ बहुतेक तिथेच होतो. वेळापत्रकाला विषयवार रंग द्या आणि त्याच रंगाची कव्हरं वह्या-पुस्तकांना घाला. शक्य असेल तर पुस्तकांचा दुसरा संच शाळेतच ठेवा.

सहाव्या आठवड्याला भेटीची तारीख आधीच ठरवून घ्या. तोवर शाळेकडून बहुधा ‘इथे तर छान असतो’ असा निरोप येतो आणि घरी दप्तर टाकताच आरडाओरडा सुरू होतो. दोन्ही खरं असतं: दिवसभर आवरून धरलेलं मूल उंबरठा ओलांडल्यावर सुटतं. भेटीला जाताना घरच्या नोंदी न्या: कोणत्या वारी बिनसलं, त्या दिवशी कोणते तास होते, जेवणाचा डबा किती परत आला. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी वेळापत्रकाशेजारी ठेवल्या की बऱ्याचदा एकच तास किंवा एकच जिना सापडतो, आणि शाळा न बदलता तेवढंच बदलून घेता येतं.