टीसीपी की यूडीपी?

दोन संगणकांमध्ये संवाद घडवणारा प्रोग्रॅम लिहिताना टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन नियमसंचांपैकी (प्रोटोकॉलपैकी) कोणता निवडावा, हा प्रश्न पडला असेल, तर विश्वासार्हता, विलंब आणि श्रम हे तीन निकष पुरेसे आहेत.

विश्वासार्हतेत टीसीपी निर्विवाद पुढे आहे. त्यात प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, पलीकडून पोच येते, आणि ती वेळेत आली नाही किंवा एकच पोच वारंवार येऊ लागली, तर हरवलेला भाग पुन्हा पाठवला जातो. शिवाय नेटवर्कवर ताण जाणवताच पाठवण्याचा वेग आपोआप घटतो, आणि हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. यूडीपी यांपैकी काहीच करत नाही.

विलंबात मात्र चित्र उलटते. टीसीपीला आरंभी तीन संदेशांची देवाणघेवाण करावी लागते आणि एक पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, हरवले की मागून आलेली पॅकेटे त्याच्यासाठी खोळंबतात.

यूडीपीवर विश्वासार्हता स्वतः उभारणे अतिशय कष्टाचे आहे. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या, यूडीपीवरच उभारलेल्या क्विक (QUIC) या प्रोटोकॉलने ते साधले, म्हणून गरज पडल्यास तोच वापरावा.

फाइल, ईमेल किंवा डेटाबेस यांसाठी टीसीपी घ्यावा. थेट संभाषण आणि वेगवान खेळ यांत उशिरा पोहोचलेली माहिती निरुपयोगी ठरते, त्यामुळे तिथे यूडीपी योग्य आहे.