शाळेचं नेतृत्व शिकायचंय : एम.ए., एम.बी.ए., एड.डी. की पीएच.डी.?

काही वर्षं शिकवून झाली की वर्गाबाहेरची कामं हळूहळू अंगावर येऊ लागतात. आधी वेळापत्रक, मग परीक्षा विभाग, मग नव्या शिक्षकांना सांभाळून घेणं. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ‘आता प्रशासनातली एखादी पदवी करून टाका.’ हा ‘करून टाका’ सल्ला मला मनापासून खटकतो. शैक्षणिक प्रशासन, शैक्षणिक नेतृत्व, शालेय व्यवस्थापन या नावांखाली शिकवलं जाणारं विद्यापीठागणिक इतकं बदलतं, की नुसत्या नावावर विसंबून प्रवेश घेतला तर उमेदीची दोन-चार वर्षं भलत्याच कामाच्या तयारीत जाऊ शकतात.

मुळात मुख्याध्यापक चांगला असला-नसला तर मुलांच्या शिकण्यात फरक पडतो का? पडतो, आणि चांगलाच पडतो. अमेरिकेतल्या दोन दशकांच्या संशोधनाचा आढावा ग्रिसम, एगलाइट आणि लिंडसे यांनी २०२१ मध्ये घेतला. शंभरांच्या क्रमवारीत खालून पंचविसाव्या पायरीवरच्या मुख्याध्यापकाच्या जागी पंचाहत्तराव्या पायरीवरचा आला, तर त्या शाळेतल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या शिकण्यात गणितात सुमारे २.९ महिन्यांची आणि वाचनात २.७ महिन्यांची भर पडते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. चांगल्या शिक्षकाचा परिणाम त्याच्या वर्गापुरता असतो, मुख्याध्यापकाचा मात्र शाळेतल्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचतो.

पण पदवी घेतली म्हणून असा मुख्याध्यापक तयार होतो, असं मात्र नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिन यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या या अभ्यासक्रमांची झाडाझडती घेतली. विस्कळीत विषय, प्रवेशाचे सैल निकष, शाळा चालवण्याचा अनुभव नसलेले प्राध्यापक, नावापुरतं प्रात्यक्षिक हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी सुधारणा झाल्या. तरीही माहितीपुस्तिका हातात घेताना हे चार मुद्दे समोर ठेवावेत, असं मी कुणालाही सांगेन.

प्रमाणपत्र आणि पदव्युत्तर पदवी

पहिली निवड बहुधा या दोनांत असते. व्यावसायिक प्रमाणपत्र नोकरी सांभाळून, थोड्या काळात, थेट पदासाठी तयार करतं. इंग्लंडची मुख्याध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता १९९७ मध्ये सुरू झाली, २००९ मध्ये ती नव्या मुख्याध्यापकांना सक्तीची झाली आणि २०१२ मध्ये पुन्हा ऐच्छिक. एकाच देशात पंधरा वर्षांत नियम इतका बदलला. म्हणून आपल्याकडे आज नेमकी कोणती पात्रता मागतात, ते नोकरी देणाऱ्या यंत्रणेकडूनच लेखी विचारून घ्यावं.

एम.ए.सारख्या पदव्युत्तर पदवीला साधारण एक ते दोन वर्षं लागतात, अर्धवेळ केली तर जास्त. युरोपीय पद्धतीत ती ६० ते १२० श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असते, अमेरिकेत साधारण ३० ते ३६. युरोपातले आणि अमेरिकेतले श्रेयांक एकाच मापाचे नाहीत, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून कोणता अभ्यासक्रम मोठा हे ठरवता येत नाही. प्रमाणपत्रापेक्षा इथे वाचन खूप जास्त होतं. संघटना कशा चालतात, कायदा काय म्हणतो, पैसा कुठून येतो, बदलाला विरोध का होतो हे सगळं शिस्तीत शिकायला मिळतं. फिनलंडने दोन्हींची सांगड घातली आहे. तिथे मुख्याध्यापकाकडे पदव्युत्तर पदवी आणि अध्यापनाची पात्रता हवी, शिवाय शिक्षण प्रशासनाचं वेगळं शिक्षण हवं, ज्याचा एक मार्ग म्हणजे विद्यापीठातले किमान २५ श्रेयांक. आधी शिक्षक, मग प्रशासक हा क्रम मला योग्य वाटतो.

एक धोका मात्र आधीच लक्षात घ्या. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मुख्याध्यापकाला परवाना लागतो, आणि एकाच विद्यापीठात परवान्यापर्यंत नेणारी आणि न नेणारी, अशा दोन्ही पदव्या असू शकतात. नावं जवळजवळ सारखी. परवाना हवा असताना दुसरी पदवी पदरात पडली, तर पुढे पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो.

काय शिकवतात, हे कसं ओळखावं

विषयांची यादी काढून दोन रंगांनी खुणा करा. अर्थव्यवहार, कायदा, सेवानियम, इमारत आणि नोंदी हे एका रंगात. पाठनिरीक्षण, शिक्षकांचा विकास, अभ्यासक्रमाची आखणी, मूल्यमापनाचा अर्थ लावणं हे दुसऱ्या रंगात. पहिला रंग सगळीकडे दिसेल, आणि तो लागतोच. अंदाजपत्रक वाचता येत नसलेला मुख्याध्यापक चांगल्या योजनाही बुडवतो. पण दुसरा रंग विरळ असेल तर मी तरी ते विद्यापीठ सोडून देईन. व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेगवेगळ्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. मुख्याध्यापक ज्या गोष्टी करतात त्यांतली मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सामील होणं, असं त्यातून पुढे आलं. शिक्षकांसाठी कार्यशाळा ठेवून आपण कार्यालयात बसणारा मुख्याध्यापक आणि त्याच कार्यशाळेत वही घेऊन बसणारा मुख्याध्यापक यांत मोठं अंतर आहे. अभ्यासक्रमाने दुसरा घडवावा.

एम.बी.ए.

यावर फार लिहिण्यासारखं नाही. शाळांची साखळी चालवायची असेल, शैक्षणिक उद्योगात जायचं असेल, निधी उभारणं आणि विस्तार हेच काम असेल, तर एम.बी.ए. उपयोगी आहे. शाळेच्या आत राहून शिकणं-शिकवणं सुधारायचं असेल तर तिच्यात नेमकं तेच कमी पडतं. शिवाय मुख्याध्यापकपदाची पात्रता म्हणून ती चालते का, हे आधी तपासावं लागतं.

एड.डी. आणि पीएच.डी.

इथला गोंधळ जुना आहे. हार्वर्डमधली शिक्षणशास्त्राची शाखा १९२० मध्ये उभी राहिली आणि एड.डी., म्हणजे शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट, देण्याची सुरुवात तिथून झाली. हेतू असा की शाळेत काम करणाऱ्याला त्याच्या कामाची डॉक्टरेट मिळावी. पण पुढे कित्येक विद्यापीठांत एड.डी. ही पीएच.डी.ची पातळ आवृत्ती होऊन बसली. ती नीट वेगळी करण्यासाठी २००७ मध्ये शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या कार्नेगी प्रतिष्ठानच्या पुढाकाराने अमेरिकेतली विद्यापीठं एकत्र आली. त्यांतल्या अनेक ठिकाणी आता प्रबंधाऐवजी किंवा प्रबंधाच्या बदललेल्या रूपात आपल्याच कामातला खरा प्रश्न घ्यावा लागतो, उपाय करून पाहावा लागतो आणि काय बदललं ते पुराव्यानिशी मांडावं लागतं. खुद्द हार्वर्डने २०१० मध्ये शैक्षणिक नेतृत्वाची वेगळी तीन वर्षांची डॉक्टरेट सुरू केली. तिचं तिसरं वर्ष प्रत्यक्ष एखाद्या शैक्षणिक संस्थेत काम करण्यात जातं.

फरक उदाहरणाने सांगतो. मुलं शाळेत नियमित येत नाहीत, हा प्रश्न घ्या. एड.डी. करणारा विचारेल : माझ्या शाळेतल्या नववीच्या वर्गांत गैरहजेरी का वाढली, घरी फोन करण्याची पद्धत बदलली तर एका सत्रात काय होईल? पीएच.डी. करणारा विचारेल : शाळेचा आकार आणि गैरहजेरी यांचा काही संबंध आहे का, असेल तर कोणत्या कारणाने, आणि तो सिद्ध कसा करायचा? पहिल्याचं उत्तर त्याच्या शाळेला लगेच लागतं. दुसऱ्याचं उत्तर, टिकलं तर, अनेक शाळांना लागतं, पण त्याला वेळ लागतो आणि बराच काळ माणूस शाळेपासून दूर जातो. एड.डी. साधारणपणे नोकरी करता करता, एकाच तुकडीबरोबर पूर्ण होते. पीएच.डी.ला बहुधा पूर्ण वेळ द्यावा लागतो.

पीएच.डी. वरची आणि एड.डी. खालची, असा समज घेऊन निवडू नका. प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचं असेल, आकडेवारी आणि संशोधनपद्धतींत रमत असाल, तर पीएच.डी. करा. शाळांचं जाळं, जिल्ह्याचा शिक्षण विभाग किंवा मोठी संस्था चालवायची असेल तर एड.डी. करा. आणि एकच शाळा उत्तम चालवायची असेल तर? मग डॉक्टरेट बहुधा लागतच नाही. नावामागे ‘डॉ.’ लागावं एवढ्यासाठी शाळेतल्या माणसाने चार-पाच वर्षं खर्चावीत, असं मला वाटत नाही. तेवढ्या वेळात एखादी शाळा उभी करता येते.

प्रात्यक्षिकाचा प्रश्न

पदवी कोणतीही असो, माझं मत इथे येऊन ठरतं. शाळा चालवताना तुम्हाला कोण पाहणार आहे, आणि पाहून काय सांगणार आहे?

लिंडा डार्लिंग-हॅमंड आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नावाजलेल्या ८ कार्यक्रमांचा अभ्यास केला. अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखालचं भरीव प्रात्यक्षिक, एकत्र शिकणारी तुकडी आणि उमेदवारांचा संस्थेने स्वतः घेतलेला शोध या गोष्टी त्यांत ठळक दिसल्या. शिकागोमधल्या इलिनॉय विद्यापीठाच्या शहरी शैक्षणिक नेतृत्वाच्या कार्यक्रमात वर्षभर शाळेत काम करत पगारी प्रशिक्षण असतं. सिंगापूर तर भावी मुख्याध्यापकांना निवडून सहा महिने पूर्ण वेळ शिकायला पाठवतं.

याउलट कित्येक ठिकाणी प्रात्यक्षिक म्हणजे तासांची नोंदवही. उमेदवार आपल्याच शाळेत बस-ड्युटी करतो, जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवतो, मुख्याध्यापक सही करतात, तास भरतात. यात नेतृत्व कुठेच येत नाही. आपल्याहून वयाने मोठ्या शिक्षिकेचा पाठ पाहून तिच्याशी प्रामाणिकपणे बोलणं, चिडलेल्या पालकांसमोर बसणं, दोन विभागांच्या भांडणात वेळापत्रक पुन्हा मांडणं, नको असलेला निर्णय शिक्षक सभेत समजावून सांगणं ही कामं स्वतः केल्याशिवाय येत नाहीत, आणि केल्यावर कुणी आरसा दाखवल्याशिवाय सुधारत नाहीत.

म्हणून विद्यापीठाला थेट विचारा. प्रात्यक्षिक माझ्याच शाळेत की दुसऱ्या? मार्गदर्शक कोण निवडतं? विद्यापीठाचं माणूस शाळेत किती वेळा येतं? प्रात्यक्षिकात मी कोणता निर्णय स्वतः घेणार आहे? शेवटच्या प्रश्नावर उत्तर देणारा अडखळला, तर त्या उत्तराची नोंद घ्या. गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेल्या एक-दोघांना गाठून हेच प्रश्न त्यांनाही विचारावेत, त्यांची उत्तरं जास्त मोकळी असतात.

ऑनलाइन अभ्यासक्रमांनाही हीच कसोटी लावता येते. कायदा, वित्त, संशोधनपद्धती हे विषय घरबसल्या व्यवस्थित शिकता येतात, आणि लहान मुलं घरी असलेल्या किंवा मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या शिक्षकाला तेवढीच वाट मोकळी असते. अशा वेळी असा अभ्यासक्रम शोधा जो तुम्हाला शिक्षकाशी झालेल्या पाठचर्चेचं ध्वनिचित्रमुद्रण, त्या शिक्षकाच्या संमतीने, मार्गदर्शकासमोर ठेवायला लावतो आणि जवळच्या दुसऱ्या शाळेत काही आठवडे काम करण्याची सोय स्वतः लावून देतो.