बोअरसाठी गाडी कोणती: डीटीएच की रोटरी?

राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टवर बसलाय, म्हणून आपल्याकडे बोअरची गाडी म्हणजे कॉम्प्रेसरवाली डीटीएच (डाउन-द-होल). हवेच्या दाबावर भोकाच्या तळाशीच हातोडा ठोकत राहतो आणि चुरा फुंकला जाऊन वर येतो. मुरमापुरतं केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणूनचा पाइप, घातलं की खालचा पाषाण आपला आपण उभा राहतो. साडेसहा इंची बोअर बहुधा दिवसात उरकतं. लक्ष ठेवायचं ते चुऱ्यावर. राखाडी कोरडी धूळ उडतेय तोवर कठीण पाषाण. चुरा तांबूस, ओलसर झाला की दोन थरांमधला सांधा लागला समजा. पाणी असलंच तर बरेचदा तिथे.

जळगावच्या तापीकाठच्या गाळात मात्र ही गाडी फसते. वाळू ढासळते, हातोडा अडकतो. तिथे ठोकण्याऐवजी फिरत खोदणारी रोटरीच हवी: बेंटोनाइट या चिकणमातीचा चिखल फिरवत भोक सावरायचं, मग तळापर्यंत पाइप, पाण्याच्या थरासमोर फटींचा पाइप, भोवती बारीक खडी. वेळ आणि खर्च दोन्ही जास्त. पण ‘अर्ध्या केसिंगमध्ये भागवतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं, तर गाडी कुठलीही असो, आधी शेजारच्या बोअरचं पाणी चाखून बघा.