१८,५०० रुपयांची पेटी आणि जळालेली मोटर

घरी सिंगल फेज असताना जुनी थ्री फेज लेथ, ड्रिल किंवा रंधा मशीन चालवायचा विचार असेल, आणि कोणी 'कन्व्हर्टर' म्हणून पत्र्याची सीलबंद पेटी घेऊन दारात आला असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. डिचोली तालुक्यात आमची चांगली मोटर या पेटीने खाल्ली. तोच माणूस साखळी-होंडा भागात अजून पेट्या विकतो आहे असं कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

गोव्यातल्या खाणी आधी २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये बंद पडल्या, तेव्हा खाणीच्या ट्रकांवर जगणारी आमच्या पट्ट्यातली कितीतरी वर्कशॉपं थंड झाली. तिथली यंत्रं अजूनही कोपऱ्यात पडून असतात आणि भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात मिळतात. माझा भाचा आयटीआयमधून टर्नर झालेला. त्याला अशीच एक पंजाबातल्या बटाल्याची सहा फुटी लेथ मिळाली. बेड शाबूत, स्पिंडलला खेळ नाही. मोटर २ एचपी, पाटीवर ४१५ व्होल्ट, ३.५ अँपिअर, स्टार (म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र जोडलेली). घेताना त्याने मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून वाइंडिंग तपासून घेतलं होतं आणि ते उत्तम होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळा दोष त्या मोटरवरच ढकलला गेला.

अडचण एवढीच की घरात २३० व्होल्टचा सिंगल फेज. थ्री फेज मोटर त्यावर आपण होऊन सुटत नाही. तीन फेज एकामागोमाग येतात तेव्हा मोटरच्या आत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. एका फेजवर ते नुसतं मागेपुढे होतं, मोटर जागच्या जागी गुणगुणते आणि करंट ओढून तापत जाते.

ओळखीतून एक गृहस्थ आले. बोलणं गोड, अंगावर कंपनीचा शर्ट, हातात छापील पत्रक. पेटीत २३० घातले की ४१५ बाहेर येतात, ३ एचपीपर्यंत पूर्ण ताकद, वर वीजबचत, असा दावा. किंमत १८,५०० रुपये. पेटी उचलायला दोन माणसं लागावीत इतकी जड, समोर डिजिटल डिस्प्ले आणि तीन रंगीत दिवे. झाकणावर सील: तोडलं तर वॉरंटी संपली.

डेमो त्यांनी कसा दिला तो नीट बघा. आधी लेथचा बेल्ट काढायला लावला, "मोटर मोकळी बघू" म्हणून. मग लेथचाच स्टार्टर दाबला. तो नुसता घुं करत राहिला, कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाऊन मोटरला वीज जोडणारा स्विच) ओढेना. ते म्हणाले, "भाई, स्टार्टर म्हातारा झालाय, कॉइल गेलीय. आणि हा ओव्हरलोड रिले तर उगाच ट्रिप मारत राहणार. आमच्या पेटीत सगळं प्रोटेक्शन आहे." असं म्हणून त्यांनी स्टार्टर आणि रिले दोन्ही बाजूला करून मोटर थेट पेटीला जोडली. मोटर फिरली. डिस्प्लेवर ४१५ झळकलं. निम्मे पैसे रोख घेतले, निम्मे यूपीआयने. बिल "सोमवारी पाठवतो".

त्या स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची होती आणि ती धडधाकट होती. पेटीतून खरोखर ४१५ येत असते तर तिने कॉन्टॅक्टर फटकन ओढला असता. तिला मिळत होते २३०, म्हणून ती गुणगुणत होती. पेटी खोटी आहे हे पहिल्या पाच मिनिटांत त्या कॉइलने सांगितलं होतं, आणि नेमकी तीच सर्किटमधून काढली गेली. त्या माणसाला हे कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

बेल्ट चढवल्यावर खरी परिस्थिती दिसली. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) रॉडवर अर्धा मिलिमीटर कट कसाबसा निघायचा, त्यापुढे टूल सरकवलं की मोटर कण्हत बसायची. फोनवर उत्तर मिळालं, "आठवडाभर चालू दे, मोकळी होईल." एका संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरलेलं असताना पेटीतून फट् असा आवाज आला आणि मागोमाग मोटरमधून वार्निश जळल्याचा वास. भाच्याने धावत जाऊन मेन बंद केला. घरातला एमसीबी पडलाच नव्हता. तो २० अँपिअरचा, घराच्या वायरिंगसाठी बसवलेला. साडेतीन अँपिअरची मोटर आठ-नऊ अँपिअर ओढून जळत असली तरी त्याच्या लेखी सगळं ठीक असतं. मोटर वाचवणारा रिले वेगळा असतो, आणि तो आमच्या मोटरला उरला नव्हता.

मोटर म्हापशाला वाइंडरकडे, म्हणजे मोटरची वाइंडिंग भरणाऱ्या मेस्तांकडे (कारागिराकडे) नेली. मेस्तांनी कव्हर काढून आत बोट दाखवलं. दोन फेजची कॉइलं कोळशासारखी काळी, तिसऱ्या फेजची कॉइलं स्वच्छ, वार्निशचा पिवळा रंगसुद्धा जसाच्या तसा. म्हणाले, "ओल धरून किंवा जुनी होऊन जळाली असती तर अशी हिशेबात जळली नसती. स्टारमधली मोटर एक फेज नसताना चालवली की हेच होतं." मग पेटीचं सील त्यांच्यासमोरच तोडलं आणि प्रत्येक टप्प्याचा व्हिडिओ काढला.

आत एक स्टार्ट कॅपॅसिटर होता, काळ्या डबीचा, वरून फुगून फुटलेला. हा प्रकार मोटर सुटेपर्यंत काही सेकंद जोडायचा असतो. इथे तो कायमचा जोडून ठेवलेला. बाहेर येणाऱ्या तीन तारांपैकी दोन म्हणजे घरचाच फेज आणि न्यूट्रल, तिसरी म्हणजे कॅपॅसिटरमधून काढलेलं त्याच फेजचं टोक. मोटर जोडलेली नसतानाही डिस्प्ले ४१५ दाखवत होता, मल्टिमीटरवर २३० च्या वर काही नव्हतं. आणि तळाशी नटबोल्टने आवळलेले ट्यूबलाइटचे जुने चोक, एकाचीही वायर कुठेच जोडलेली नाही. नुसतं वजन भरायला!

कॅपॅसिटरने थ्री फेज मोटर चालतच नाही असं नाही. योग्य मापाचा रन कॅपॅसिटर (कायम जोडून ठेवायचा), म्हणजे २ एचपीला साधारण १०० मायक्रोफॅरड, आणि वाइंडिंग डेल्टात (तिन्ही त्रिकोणात जोडलेली), एवढं केलं तर मोटर चालते, पण ताकद दोन तृतीयांशाच्या आसपासच मिळते आणि सुरुवातीचा जोर कमी असतो. ४१५ व्होल्टची स्टार मोटर तशीच २३० वर लावली तर प्रत्येक वाइंडिंगला २४० ऐवजी १३३ व्होल्टच मिळतात. टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो, म्हणजे उरतो जेमतेम एक तृतीयांश. बेल्ट काढल्यावर तेवढ्यावरही मोटर फिरते, म्हणूनच तो बेल्ट काढला होता.

आता आमची लेथ व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजपासून थ्री फेज तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर चालते. सिंगल फेज २३० इनपुट, थ्री फेज २३० आउटपुट, ३ एचपीचा ड्राइव्ह, पक्क्या बिलासकट, आणि तोही त्या पेटीपेक्षा स्वस्तात. साधा ड्राइव्ह व्होल्टेज वाढवत नाही, त्यामुळे रिवाइंड करतानाच मेस्तांनी सहाही टोकं बाहेर काढली आणि पट्ट्या स्टारच्या डेल्टा केल्या. डेल्टात २३० वर हीच मोटर ६ अँपिअरच्या आसपास घेते, ड्राइव्हमध्ये तेवढीच मर्यादा भरली आहे. ज्यांची मोटर ५ एचपीची आणि पाटीवर ४१५ डेल्टा आहे त्यांना हा मार्ग चालत नाही, कारण ती आधीच डेल्टात असते. त्यांनी थ्री फेज कनेक्शनच घ्यावं. आणखी एक, ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्टार्टर ठेवू नका, चालू-बंद ड्राइव्हवरूनच करा.

पैसे परत मागितले तर त्यांनी आधी मोटरला दोष दिला, मग ९,००० रुपये भरून 'मोठी पेटी' घ्या म्हणाले, आणि शेवटी धमकी दिली की घरच्या कनेक्शनवर धंदा चालवता हे वीज खात्याला कळवतो. बाहेरचं एकही काम तोवर घेतलेलं नव्हतं, आणि लघुउद्योगाच्या कनेक्शनसाठी आमचा अर्ज आता खात्यातच आहे. पण या धमकीत जोर असतो, म्हणून सांगतो: वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली घरगुती मीटरवर व्यवसाय हा अनधिकृत वापर धरला जातो आणि दुप्पट दराने आकारणी होते. लोक याला घाबरून गप्प बसतात, हे त्या माणसाला पक्कं माहीत आहे.

"तुम्ही धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नव्हेच" असंही ऐकवलं गेलं. हे खरं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची मानली जात नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आम्ही तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद तयार करतो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे.

आमच्याच तालुक्यात आणखी एका सुताराकडे हुबेहूब अशीच पेटी निघाली आहे. याच ग्राहक कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे आयोगाच्या परवानगीने सारखी तक्रार असलेल्यांना एकत्र दावा करता येतो. तुमच्याकडे ही पेटी असेल तर ती भंगारात देऊ नका, आणि एकट्याने उघडू नका. वायरमन किंवा वाइंडर समोर ठेवून, व्हिडिओ काढत उघडा. यूपीआयची नोंद, त्या माणसाचे फोनवरचे मेसेज आणि मोटर रिवाइंड केल्याची पावती जपून ठेवा, आणि आम्हाला कळवा.