‘डेडिकेटेड’ सर्व्हरच्या नावाखाली 1,13,280 रुपये गेले

आकडा मुद्दाम पूर्ण लिहिलाय. ‘लाखभर गेले’ म्हटलं की लोक हळहळतात आणि विसरतात.

कर्वेनगरला आमचं छोटं ऑफिस, सहा डेव्हलपर. सगळे एकाच जुन्या मशीनवर. एकाने 3000 पोर्ट (चालू प्रोग्रॅमशी जोडायचा क्रमांक) धरला की दुसऱ्याचं अडायचं, कोणी डेटाबेसवर जड क्वेरी चालवली की बाकीचे पाच जण बसून. ओळखीतून एक जण आला, सर्व्हर भाड्याने लावून देणारा. त्याने सांगितलं ते असं: 16 कोअर, 64 जीबी रॅम, मशीन फक्त आमचं, प्रत्येकाला वेगळा लिनक्स युजर, स्वतःची एसएसएच की (दुरून लॉगिन करायची डिजिटल किल्ली), सीपीयू-मेमरीवर मर्यादा, डिस्क कोटा म्हणजे जागेवरही मर्यादा. वर्षाचे 84,000, सेटअपचे 12,000, वर 18 टक्के जीएसटी. यूपीआयला दिवसाची लाखाची मर्यादा, म्हणून पहिल्या दिवशी 1,00,000 आणि दुसऱ्या दिवशी 13,280. दोन्ही त्याच्या वैयक्तिक खात्यात. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर तपासायला एक मिनिट लागतं. मी तो मशीन बंद पडल्यावर तपासला. कापड दुकानाचा निघाला.

पण झोप उडवते ती गोष्ट वेगळीच. सेटअप झाला त्या संध्याकाळी मी लॉगिन करून होमची, म्हणजे प्रत्येक युजरचं फोल्डर जिथे असतं त्या जागेची, यादी काढली. आमची सहा नावं दिसायला हवी होती. अकरा होती. त्याला विचारलं, तर म्हणाला, “सर, ती सिस्टीमची अकाउंट्स.” सिस्टीम अकाउंट्सचे यूआयडी (युजरचे क्रमांक) हजाराच्या खाली असतात आणि होममध्ये सहसा त्यांचं फोल्डर नसतं, हे मीच नव्या मुलांना शिकवतो. त्यातल्या एका अनोळखी नावाच्या आत ‘बिलिंग-टेस्ट’ असं फोल्डर होतं. वाचलं मी ते. डोळ्यांनी वाचलं आणि लॅपटॉप मिटला! दुसऱ्या दिवशी क्लायंटला रिलीज द्यायचं होतं, पोरं तीन रात्री जागलेली. चौदा वर्षं या कामात आहे, अडाणी नाही. त्या घाईत दुसरा कोणी असता तर त्यानेही तेच केलं असतं.

तेच मशीन त्याने आणखी गिऱ्हाइकांना ‘फक्त तुमचं’ म्हणून विकलं होतं. उबंटू 20.04 (लिनक्सचाच एक प्रकार), होम फोल्डरची परवानगी 755, म्हणजे कोणीही आत शिरून वाचावं. आमच्या डेटाबेसचे पासवर्ड परक्या लोकांसमोर चार महिने उघडे पडले होते. होमला 700 लावा, म्हणजे ज्याचं फोल्डर त्यालाच उघडेल, तेही पहिल्याच दिवशी. सगळ्यांना डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवायचं साधन) ग्रुपमध्ये टाकलेलं, आणि त्या ग्रुपमध्ये असणं म्हणजे रूट, मशीनचा सर्वाधिकारी, असणंच. कोटा, मर्यादा कशाचाच पत्ता नाही.

पाचव्या महिन्यात त्याने भाडं थकवलं, मशीन बंद. होस्टिंगचं, म्हणजे त्याने ज्यांच्याकडून मशीन भाड्याने घेतलं त्यांच्याकडचं, खातं त्याच्या नावावर, त्यामुळे होस्टिंगवाले आमच्याशी बोलायलाच तयार नाहीत. खातं, कार्ड, रूट आपल्याच हातात ठेवा. सेटअपवाल्याला तात्पुरता सुडो (रूटचे अधिकार वापरायची मुभा) द्या आणि काम झालं की काढून घ्या. कोड गिटवर (कोडच्या प्रती ठेवायची व्यवस्था) होता म्हणून वाचला, टेस्ट डेटा सगळा गेला.

मग चौकी. “तुम्ही स्वतःच पैसे दिलेत ना? मग हे दिवाणी.” तिथून सायबरकडे पाठवलं, सायबरने परत हद्दीत. पाच फेऱ्या, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला सर्व्हर म्हणजे काय इथपासून सांगायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मी बोलून दाखवलं, तर “साहेब, आम्हाला कायदा शिकवू नका.” हातात काय, अर्जाची पोच. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलात म्हणून हात वर. वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली सेवा, ग्राहक आयोगात टिकणं अवघड. मग जायचं कुठे? ज्यांचे पैसे आज गेलेत त्यांनी चौकीच्या आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, पैसे खात्यातच असतील तर गोठवता येतात. आमचे केव्हाच निघून गेले होते.

त्या पाच अनोळखी नावांपैकी दोन मी शोधून काढली. दोन्ही धायरीच्या एका फर्मची, तिचे 96,000 गेलेत. पुढच्या सोमवारी आम्ही दोघं मिळून अर्ज देणार आहोत. उरलेल्या तीन नावांचा अजून पत्ता नाही. पुण्यात कोणी असा ‘फक्त तुमचा’ सर्व्हर घेतला असेल तर आज होमची यादी काढा, आणि नावं जास्त दिसली तर पावती घेऊन आमच्याबरोबर या.