मागची धार, प्रेशर गेज की टेम्परेचर गन: ओबीएम तापतंय तर आधी काय घ्यायचं

दर सीझनच्या सुरुवातीला कोणीतरी विचारतंच, बोटीच्या मागे लावायचं मशीन (ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर) तापतंय, थंड करणाऱ्या पाण्याचा दाब दाखवणारं गेज बसवू का ती तापमान मोजायची लेझरवाली गन घेऊ. मी दोन्ही वापरलंय, आधी गन मग गेज, आणि त्याच्या आधी बरीच वर्षं नुसती मागची धार बघूनच चालवलं. आमच्या मालवण-देवबागकडे चालतात ती मशीन डोळ्यासमोर धरून लिहितोय, म्हणजे एकीकडे ४० एचपीचं हँडलवालं (मागे बसून हाताने वळवायचं) टू-स्ट्रोक आणि दुसरीकडे १०० च्या वरचं कन्सोलवालं (पुढे स्टिअरिंग असलेलं) फोर-स्ट्रोक. इनबोर्ड डिझेलवाल्यांचं गणित वेगळं, त्यांनी हे धरू नये.

धार आधी घेऊ कारण ती फुकट आहे. मशीन चालू झालं की मागच्या छोट्या भोकातून पाणी येतं (पोरं त्याला काय म्हणतात ते इथे नको). त्यावरून एवढंच कळतं की मशीन थंड ठेवायला पाणी वर ढकलणारा खालचा वॉटर पंप जिवंत आहे. बऱ्याच मोटरींत ही धार थर्मोस्टॅटच्या (तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) आधीच फुटून बाहेर येते, त्यामुळे हेडमधून (सिलिंडरच्या तोंडावरचा भाग) पाणी नीट फिरतंय की नाही हे तिला माहीतच नसतं. उलटंही होतं, धार बंद पण मशीन थंडगार, कारण भोकात वाळूचा खडा नाहीतर पावसाळ्यात कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर. मशीन बंद करून जाड तंगूस आत सारून बघा, निम्म्या वेळा तेवढ्यावरच काम होतं.

धारेवर विसंबून मी कसा फसलो ते सांगतो. कर्ली खाडीच्या तोंडाशी, ओहोटीची वेळ, बोटीत आठ पर्यटक, आणि मशीन तापल्याचा बझर सुरू, आरपीएम आपोआप खाली. मागे बघितलं तर धार एकदम जोरात, पोरगा म्हणतो बाबा पाणी तर येतंय मा. कसेबसे हळूहळू किनाऱ्याला आलो, कव्हर काढलं आणि गन लावली तर वरच्या सिलिंडरच्या हेडवर ८८ डिग्री आणि खालच्यावर ५६. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तर आत पांढरा खार चुन्यासारखा घट्ट बसलेला आणि झडप अर्धी उघडून अडकलेली. धार बघून मी इम्पेलर (वॉटर पंपातलं रबरी पाकळ्यांचं चक्र) बदलायला गेलो नाही हे ठीक, पण गन नसती तर बझरच खराब आहे समजून परत पाण्यात घातलं असतं.

आता यात गमतीची गोष्ट अशी की तेव्हा गेज असतं तर काटा खाली गेलेला दिसला नसता, नेहमीपेक्षा वर दिसला असता! हे भल्याभल्यांच्या डोक्यात शिरत नाही. गेज दाब दाखवतं, किती पाणी वाहतंय ते नाही. गेजच्या पुढे वाट तुंबली की दाब वाढतो आणि पाणी कमी फिरतं. गेजच्या मागे गडबड असेल, म्हणजे इनटेकला (खालून पाणी आत घेणारं तोंड) प्लास्टिक पिशवी, झिजलेला इम्पेलर, वर जाणाऱ्या पाइपचं सील गेलेलं, तर दाब पडतो. म्हणून गेजवाल्याने काटा वर आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

गेजचा खरा फायदा म्हणजे ते चालता चालता सांगतं, मशीन तापायच्या आधी. पिशवी चिकटली की काटा धपकन पडतो आणि बझर वाजेपर्यंत तुम्ही मशीन बंद करून, वर उचलून पिशवी काढून मोकळे. वळताना काटा नाचत असेल तर मोटर जास्त उंचावर बसवलीय आणि पाण्याबरोबर हवा ओढतेय, हे गनने कधीच कळणार नाही. आणि देवबागसारख्या ठिकाणी जिथे आपण रोज उथळ पाण्यात वाळू ढवळत मशीन चालू करतो तिथे इम्पेलर कसा झिजत चाललाय ते महिना-महिना काट्यावर दिसतं. पण आकडा कितीचा बरोबर? आयडलला काटा जेमतेम हलतो, फुल थ्रॉटलला बऱ्याच मोटरी १० ते २० पीएसआयच्या आसपास जातात, पण हे मॉडेलप्रमाणे बदलतं. म्हणून नवीन इम्पेलर टाकल्यावर १०००, ३००० आणि ५००० आरपीएमला काटा कुठे होता ते कव्हरच्या आत मार्करने लिहून ठेवा, नाहीतर गेज नुसतं शोभेला. काही मोटरींत प्रेशर रिलीफ व्हॉल्व (दाब वाढला की उघडणारी झडप) असतो, तो उघडला की मध्येच काटा थोडा खाली येतो, त्याला घाबरू नका.

गनचं म्हणाल तर हजार-बाराशेत येते, भोक पाडायचं नाही, नळी जोडायची नाही, आणि नेमकी जागा दाखवते. फक्त चकचकीत अॅल्युमिनियमवर ती चुकीचं, सहसा कमीच दाखवते, त्यामुळे हेडवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि दर वेळी तिथेच नेम धरा. थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० डिग्रीला उघडायला लागतात, गाडीच्या इंजिनपेक्षा बरेच आधी, कारण जास्त तापलं की खाऱ्या पाण्यातला खार आत जास्त धरतो. एकाच मशीनच्या दोन सिलिंडरमध्ये १५-२० चा फरक दिसला तर तिथे उघडून बघायचंच. थर्मोस्टॅट काढून जुन्या पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घालून तापवा, केव्हा उघडतो कळतं (चहाचं पातेलं घेऊ नका, मी ऐकून घेतलंय).

गनची मर्यादा म्हणजे ती कव्हर काढून उभ्या मशीनवर वापरायची गोष्ट आहे. लाटांत, फ्लायव्हील उघडं ठेवून, फुल स्पीडला कोणी गन मारत बसू नये. त्यामुळे किनाऱ्यावर आयडलला सगळं ठीक आणि स्पीडला तापतंय अशा केसमध्ये ती अर्धीच कामाची. तसं तापणं बहुतेक वेळा तुंबलेलं इनटेक, आतला खार किंवा हेड गॅस्केट असतं. आयडलला तापून स्पीडला थंड होत असेल तर आधी इम्पेलर बघा.

मग घ्यायचं काय? ४० एचपी हँडलवालं, किनाऱ्याजवळच फिरणारं असेल तर डोळे झाकून गन, आणि गेजचे पैसे वॉटर पंपच्या पूर्ण किटमध्ये घाला, नुसता रबर इम्पेलर नको, कप, प्लेट, की, गॅस्केट सगळं. मासेमारी असेल तर १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत हे काम उरका. जुन्या इम्पेलरची एखादी पाकळी तुटलेली दिसली तर तो तुकडा वर पाइपमध्ये कुठे अडकलाय तो मिळेपर्यंत शोधायचा. कन्सोलवालं मोठं मशीन, पर्यटक घेऊन निवतीच्या दीपगृहाकडे जाणारं असेल तर गेज आधी, गन नंतर. पण बझर वाजतोय, गेज नेहमीच्या आकड्यावर आहे आणि गन सगळीकडे ५५ दाखवतेय, तर मशीन उघडू नका, सेन्सरची वायर बघा, माझ्याकडे ती दोनदा उंदराने खाल्लीय.