खान्देशच्या उन्हात ॲम्प्लिफायर बांधताना: कोणता कंडेन्सर कुठे?

कंडेन्सर घेताना बहुतेक जण आधी किंमत बघतात, मग कंपनी. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मात्र पहिला विचार उष्णतेचा हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, ऐन लग्नसराईत सेट मांडवात तासन्‌तास वाजतो आणि हीट सिंकशेजारी (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंख्यांशेजारी) पेटीतली हवा ६५ अंशांपर्यंत तापू शकते.

पॉवर सप्लायच्या फिल्टरला इलेक्ट्रोलायटिकच, म्हणजे आत द्रव असलेला कंडेन्सरच लागतो. ४७०० मायक्रोफॅरड एवढ्याशा डबीत दुसरं कोण देणार? ठरवायचं एवढंच, की जास्तीत जास्त ८५ अंश सोसणारा घ्यायचा की १०५. आतला द्रव उष्णतेनं सुकत जातो आणि ढोबळ हिशोबानं तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. दोघांचं रेटिंग आपापल्या कमाल तापमानाला २००० तासांचं धरलं, तर ६५ अंशांवर ८५चा सुमारे ८,००० तास टिकेल आणि १०५चा ३२,०००. आपल्याकडे १०५चाच घ्यावा, यात मला शंका नाही. व्होल्टेजही सढळ ठेवा. २४-०-२४च्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक बाजूला ३४ व्होल्टच्या आसपास डीसी मिळतो, विजेच्या लाइनचं व्होल्टेज चढलं की त्याहून जास्त. तिथे ३५ व्होल्टचा कंडेन्सर म्हणजे जोखीम, ५०चा लावा.

एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात आवाज ज्यातून जातो त्या कपलिंगला फिल्म (पातळ प्लास्टिकचा) कंडेन्सर सरस. तो सुकत नाही, उलटसुलट लागण्याचीही भीती नाही. पुढचा इनपुट ४७ किलोओहमचा असेल तर १ मायक्रोफॅरड साडेतीन हर्ट्झपर्यंतचा खर्ज जाऊ देतो, म्हणजे १० मायक्रोफॅरडच्या इलेक्ट्रोलायटिकची गरजच उरत नाही. पॉलिस्टर, म्हणजे आपला मायलर, की पॉलिप्रॉपिलीन? पॉलिप्रॉपिलीनमध्ये लॉस खूप कमी, पण तो महाग आणि आकारानं मोठा. कपलिंगला मायलर पुरेसा आहे. वाचलेले पैसे ट्विटरच्या क्रॉसओव्हरमधल्या (उंच सूर वेगळे करून छोट्या स्पीकरला देणाऱ्या सर्किटमधल्या) पॉलिप्रॉपिलीनवर घाला. तिथे करंट खरोखर वाहतो, आणि स्वस्त बायपोलर इलेक्ट्रोलायटिक वर्षागणिक सुकून आपली व्हॅल्यू सोडतो.

सिरॅमिक कंडेन्सरमध्ये प्रकार नीट बघून घ्या. पिकोफॅरडमधल्या कामाला एनपीओ उत्तम, उष्णतेनं जवळजवळ हलत नाही. एक्स७आर सप्लायच्या बायपासला (तिथला गोंगाट ग्राउंडकडे वळवायला) चालेल, पण कपलिंगला नको, कारण व्होल्टेजबरोबर त्याची व्हॅल्यू बदलते आणि डिस्टॉर्शन येतं. वाय५व्ही तर उन्हात बरीचशी व्हॅल्यू गमावतो. टँटॅलम कंडेन्सरला सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक धक्का, सोसत नाही, म्हणून चढ-उताराच्या लाइनवर तो टाळा.

आणि बोर्ड आखताना इलेक्ट्रोलायटिक हीट सिंकला चिकटवू नका, मध्ये दोन बोटं तरी जागा सोडा.